ज्यांच्या घरी भाकरी खाल्ली, त्यांचा अभिप्राय

मी नर्मदेची पायी परिक्रमा केली आणि परतल्यावर, बहुतेक मराठी परिक्रमावासी करतात तसं, तिच्यावर लिहायला बसले. लिहून झालेली प्रकरणं वेळोवेळी मैत्रिणींना, नात्यातल्यांना, गटातल्या साऱ्याजणींना वाचायला दिली. आलेले अभिप्राय एका बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले आहेत. ‘भाषा ओघवती आहे.’ ‘तुमच्याबरोबर आम्हीही चाललो.’ ‘इतके महिने घर कसं सोडलंत? यजमानांचं खरंच कौतुक!’ हा शेवटचा अभिप्राय डब्यात अकरा वेळा आहे. पाय माझे सुजले, नखं माझी गेली आणि कौतुक यजमानांचं. असो, त्यावर आपण पुष्कळ बोललो आहोत.

माझी तक्रार पहिल्या दोन अभिप्रायांबद्दल आहे, कारण ते आपल्याच बायकांचे आहेत आणि असेच अभिप्राय मीही देत आले. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने लडाखच्या प्रवासाचं हस्तलिखित माझ्या हाती दिलं होतं. निम्म्या पानांत हॉटेलं, जेवणं आणि गाडीचे बिघाड होते. वाचताना मी दोनदा झोपले. तिला म्हटलं, “छान झालंय गं, छापून टाक.” तिने पदरचे पैसे घालून छापलं. पुढे एकदा तिने शांतपणे विचारलं, “तुला तेव्हाच कळलं होतं ना?” मी चहा ठेवायला उठले.

हे असं का होतं ते कळतं. स्वयंपाकापासून पगारापर्यंत बाईच्या कामात खोट काढणारे घरीदारी भरपूर असतात. मग गटात तरी कुणी बोट ठेवू नये, एवढी जागा तरी मायेची असावी, असं वाटतं. पण त्यामुळे लिहिणारी एकटी पडते. आपण कुणीच तिच्यासोबत ते पान नीट वाचलेलं नसतं.

मला खरा अभिप्राय मिळाला तो धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर, आणि तोही मी मागितला होता म्हणून नव्हे. दक्षिण तटावरून जाताना शूलपाणीच्या झाडीत एका पावरा कुटुंबाकडे मी दोन रात्री राहिले होते. त्या मुक्कामावर एक प्रकरण होतं. त्या भागात काम करणाऱ्या एका कार्यकर्तीबरोबर त्याची टाइप केलेली प्रत मी त्या घरी पाठवली. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. महिन्याभराने मी स्वतः गेले. घरची सून दहावी झालेली, तिने ते प्रकरण सासूला पावरीत सांगत सांगत वाचून दाखवलं होतं. दोघी तयारीत बसल्या होत्या. सासू बोलायची आणि सून मराठीत सांगायची.

पहिला मुद्दा ‘मामां’चा. परिक्रमेची पुस्तकं वाचणाऱ्यांना हे माहीत आहे. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल यात्रेकरूंना लुटतात, अंगावरच्या वस्त्रापर्यंत सगळं काढून घेतात, त्यांना ‘मामा’ म्हणायचं आणि ही मैयाने घेतलेली परीक्षा मानायची, अशी परंपरेने चालत आलेली कथा. मीही ती रंगवून लिहिली होती. मला कुणीच लुटलं नव्हतं, तरीही. सासूने विचारलं, “आमची माणसं लुटतात हे लिहिलंस. आमचं काय गेलं, ते कोणत्या पानावर आहे?” तिच्या माहेरचं शेत सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं ह्या धरणाच्या बुडितात येतात, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. १३८.६८ मीटर उंचीच्या ह्या धरणाचं लोकार्पण २०१७ साली झालं. ते जलाशयाचं पाणी मी रोज पाहत होते. पान भरून त्याच्या निळाईचं वर्णनही केलं होतं. पाण्याखाली काय आहे, ह्यावर एक ओळ नव्हती. आणि मी स्वतःला चळवळीतली म्हणवते!

दुसरा मुद्दा एका वाक्याचा. ‘दारिद्र्यातही त्या माउलीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं नव्हतं.’ हे वाचताना सुनेलाच हसू आवरेना. सासूने खुलासा केला, “चुलीचा धूर तुला सोसेना, तू सारखी डोळे पुसत बाहेर पळत होतीस, म्हणून मी हसत होते.” मी दिसेल ते पाहिलं आणि माझ्याजवळच्या तयार साच्यात ओतलं. ते वाक्य मी कुठूनही उचललेलं नव्हतं, पण तसलं वाक्य आपण शंभर ठिकाणी वाचलेलं आहे.

तिसरा मुद्दा लहान, पण मला तोच जास्त लागला. प्रकरणभर लोक मला ‘माताराम’ म्हणतात. परिक्रमेतल्या बाईला तसंच म्हणतात. आणि ती सगळीकडे ‘एक आदिवासी बाई’. “दोन रात्री राहिलीस, नाव विचारलं नाहीस?” आता विचारलं. पुस्तकात घालू का, असंही विचारलं. ती नको म्हणाली. म्हणून इथेही देत नाही.

घरी आल्यावर मी दोन पानी उत्तर लिहिलं. हेतू वाईट नव्हता, परंपरा सांगणं लेखकाचं काम आहे, वगैरे. ते पाठवलं नाही, हे बरं झालं. अभिप्राय घेताना आपली जीभ आधी वकिलाची होते. मी सगळंच बदललं असंही नाही. झाडीत शिरताना मला भीती वाटली होती. सासूचं म्हणणं, ती भीतीच काढून टाक. मी ठेवली, कारण ती खरी होती. मात्र ती आली कुठून, आधीची पुस्तकं वाचून कशी तयार झाली, ते आता लिहिलं आहे. वाचणाऱ्याचं म्हणणं ऐकणं आणि मानणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरा पेच चौथ्या मुद्द्यावर झाला. त्या घरातल्या एका गोष्टीवर एक परिच्छेद होता. आपल्या अंकाने तो ठळक छापला असता, अशी ती गोष्ट. सासू म्हणाली, “हे काढ. तू निघून जातेस, मला इथेच राहायचं आहे.” मी हा प्रश्न गटात मांडला आणि बैठक दोन तास चालली. एका मैत्रिणीचं म्हणणं, बायकांनी बोलू नये म्हणूनच तर हे सगळं चालतं, तू काढलंस तर तूही त्यातलीच. दुसरीचं म्हणणं, बोलणं तिचं आहे, तुझं नाही. मी परिच्छेद काढला. माझ्या मते तो हक्क तिचाच होता. पण पहिल्या मैत्रिणीला माझ्याजवळ पुरतं उत्तर नाही, हेही कबूल करते. ती अजून माझ्यावर रागावलेली आहे आणि तिचा राग मला आदराने घ्यावासा वाटतो.

प्रवासवर्णनात एक सोय आजवर गृहीत धरलेली असे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवरचं पुस्तक मराठीत प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यातली अमेरिकन माणसं ते उघडून वाचतील अशी शक्यता फारशी नव्हती. वाचणारे इथले, वर्णन तिथलं. परदेशावर लिहिणाऱ्यांना आजही बहुधा ही मोकळीक आहे. पण सातपुड्यावर, मेळघाटावर, गडचिरोलीवर लिहिणाऱ्या आपल्याला ती राहिलेली नाही. तिथली मुलं आश्रमशाळेत मराठीत शिकतात, सुना दहावी होतात. आपण त्यांच्याविषयी लिहितो ते त्यांना वाचता येतं. मग त्यांना आधी न दाखवता छापण्याला काय म्हणायचं?

म्हणून गटांना माझं सांगणं असं, की हस्तलिखितावर बैठक घ्याल तेव्हा ‘कसं वाटलं?’ विचारूच नका. कुठे कंटाळा आला, कुठे विश्वास बसला नाही, कुठे लेखिका स्वतःवरच खूश झाली, हे पान दाखवून सांगा. लिहिणारीने पहिला अर्धा तास तोंड उघडायचं नाही. आणि ज्या घरात ती राहिली, त्या घरी ते प्रकरण वाचून दाखवलं का, हे विचारा. प्रत्येक वेळी जमणार नाही. काही ठिकाणी दाखवणंच धोक्याचं असेल. तरी विचारा.

लडाखवाल्या मैत्रिणीला मी नवं प्रकरण वाचायला दिलं. तिने समासात चौदा ठिकाणी ‘कंटाळा’ लिहून परत केलं. त्यातले नऊ मला पटले.

पुस्तक अजून छापलेलं नाही. मागच्या आठवड्यात सुनेचा निरोप आला. पुढच्या प्रकरणात पाड्याखालचा झरा मी वाटेच्या डाव्या हाताला लिहिला आहे, तो उजव्या हाताला आहे.