विश्लेषण : टोमॅटोची ‘टुटा’ की बटाट्याची पाकोळी? पतंगाची ओळख पंखांवरून का पटत नाही?

जुन्नरचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, आंबेगावचा बटाटा मंचरच्या. पुणे-नाशिक महामार्गावरील या दोन शेजारी तालुक्यांत दोन पतंगही शेजारी नांदतात. दोन्ही करडे, दोन्ही नखाएवढे आणि दोघांच्याही अळ्या पाने पोखरणाऱ्या. एक टोमॅटोचे फळ नासवतो, दुसरा साठवलेला बटाटा. दोघांवरचे उपाय मात्र वेगळे आहेत. त्यामुळे ‘हा पतंग नेमका कोणता’ या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर त्याची किंमत शेतकरी मोजतो. हे उत्तर शास्त्रज्ञ कसे शोधतात, याचा हा आढावा.

या दोन किडी कोणत्या?

पहिली टोमॅटोवरील ‘टुटा’. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. २००६मध्ये ती स्पेनमध्ये आढळली. तेथून भूमध्य समुद्राभोवतीचे देश, आफ्रिका, पश्चिम आशिया असा प्रवास करत २०१४मध्ये ती भारतात पोहोचली. महाराष्ट्रातील सुरुवातीच्या नोंदी ज्या जिल्ह्यांतून झाल्या, त्यांत पुणे जिल्हा होता.

दुसरी बटाट्यावरील पाकोळी. तिचे मूळही दक्षिण अमेरिकेतलेच मानले जाते. पण ती येथे शंभर वर्षे आधी आली. १९०६मध्ये इटलीहून आणलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर ती भारतात शिरली. शेतात ती पाने आणि खोड पोखरते, तर काढणीनंतर आरणीतल्या बटाट्यात डोळ्यांजवळून आत शिरते.

गोंधळ नेमका कुठे होतो?

‘टोमॅटोवर दिसली ती टुटा, बटाट्यावर दिसली ती पाकोळी’ हा सोपा नियम येथे चालत नाही. टोमॅटो, बटाटा, वांगी ही एकाच कुळातील पिके आहेत आणि दोन्ही किडींना हे कुळ चालते. टुटा बटाट्याची पाने पोखरते; पाकोळी टोमॅटोवरही येते. आंबेगावच्या सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा उभा असतो, तेव्हा जुन्नरच्या शिवारात टोमॅटोही असतो. अशा वेळी बटाट्याच्या पानावरील फोडासारखा चट्टा या दोघींपैकी कोणाचाही असू शकतो.

पंखांवरून ओळख का पटत नाही?

पुस्तकात फरक दिलेले आहेत. टुटाचे पंख पसरल्यावर रुंदी साधारण १० मिलिमीटर भरते, तर पाकोळीची १२ ते १६. टुटाच्या पंखांवर चंदेरी-करड्या रंगात काळे ठिपके असतात. पाकोळी किंचित तपकिरी असते. तिच्या नराच्या पंखावर दोन-तीन गडद ठिपके असतात आणि मादी पंख मिटून बसली की फुलीसारखी नक्षी दिसते.

अडचण अशी, की ही नक्षी खवल्यांची असते. पतंगाचे खवले म्हणजे भुकटीच. बोट लागले तरी झडतात. चिकट सापळ्यात अडकून फडफडलेल्या पतंगाच्या पंखांवर फारसे काही उरत नाही. शिवाय अळीला अन्न कमी मिळाले, तर पतंगही लहान निपजतो. त्यामुळे लहान अंगाची पाकोळी आणि मोठ्या अंगाची टुटा यांत नुसत्या डोळ्यांनी फरक करणे धोक्याचे ठरते.

मग खात्री कशी करतात?

त्यासाठी पोटाच्या शेवटच्या टोकाकडे, म्हणजे जननेंद्रियांकडे पाहिले जाते. मेलेल्या पतंगाचे पोट अलगद वेगळे करून कॉस्टिक पोटॅशच्या सुमारे १० टक्के द्रावणात ठेवतात. मांसल भाग विरघळतो आणि कायटिनचा कडक सांगाडा उरतो. तो धुऊन, रंगवून, काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

टुटाच्या नरात मादीला पकडणाऱ्या दोन पाकळ्या बोटासारख्या असतात. त्यांच्या टोकाला केस असतात आणि आतल्या कडेला ठळक उंचवटा असतो. पाकोळीच्या नरात याच भागांची घडण वेगळी असते. खवले झडले, रंग उडाला, तरी हा सांगाडा तसाच राहतो. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाला भुलून फक्त नरच येतात, त्यामुळे तपासणीला लागणारा नमुना आपोआप हाती लागतो.

जननेंद्रियेच का? मीलनात हे अवयव एकमेकांत बसावे लागतात. त्यामुळे कुलूप-किल्लीची उपमा एकोणिसाव्या शतकापासून दिली जाते. ती सर्व कीटकांना लागू पडते का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मात्र जवळच्या जातींत पंख सारखे असले तरी हे अवयव बहुधा वेगळे असतात, हा वर्गीकरणातील दीर्घ अनुभव आहे.

डीएनए तपासणी असताना हा खटाटोप कशाला?

डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यातील सुमारे ६५० अक्षरांचा क्रम वाचून जात ओळखता येते. अळी किंवा तुटका पाय हाती असेल, तेव्हा हीच पद्धत कामाची. पण वाचलेला क्रम जुळवायचा कशाशी? आधीच्या नमुन्यांच्या नोंदींशी. त्या नमुन्यांना नाव मिळालेले असते ते शरीररचना तपासून. मूळ नाव चुकले असेल, तर डीएनएचे उत्तरही चुकते. म्हणून महत्त्वाच्या नोंदीसाठी दोन्ही तपासण्या केल्या जातात. २०१८मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली, तेव्हाही शरीररचना आणि डीएनए असे दोन्ही पुरावे तपासले गेले.

शेतात भिंगाने काय पाहता येईल?

प्रत्येक पतंगाचे विच्छेदन शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. अळी हाती लागली तर दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. डोक्यामागे लगेच एक कडक पट्टिका असते. टुटाच्या वाढलेल्या अळीत ती फिकट असते आणि तिच्या मागच्या कडेला फक्त अरुंद काळी रेघ दिसते. पाकोळीच्या अळीत ही पट्टिका पूर्ण गडद असते.

पानावरील खुणाही सांगतात. नागमोडी पांढरी रेघ असेल, तर ती नागअळी. ती पतंगाची नव्हे, माशीची अळी. पसरट, फोडासारखा चट्टा आणि आत काळी विष्ठा दिसली, तर टुटाचा संशय घ्यावा. फळावर देठाजवळ टाचणीएवढी छिद्रे टुटाची असतात. मोठे छिद्र आणि अर्धी आत, अर्धी बाहेर असलेली जाड अळी ही फळ पोखरणारी अळी.

नाव बदलले, मग कीड बदलली का?

नाही. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड मेरिक यांनी १९१७मध्ये पेरू देशातील नमुन्यावरून टुटाचे वर्णन केले, तेव्हा तिला ‘थोरिमिया’ या प्रजातीत ठेवले होते. पुढे तिची प्रजाती अनेकदा बदलली आणि १९९४मध्ये ‘टुटा’ हे नाव आले. २०२१मध्ये शरीररचनेच्या नव्या विश्लेषणानंतर तिला पुन्हा ‘थोरिमिया’त आणले गेले. बटाट्याची पाकोळीही याच प्रजातीत आहे. म्हणजे ज्यांना वेगळे ओळखायचे, त्या दोघींचे आडनाव आता कागदोपत्रीही एकच आहे. बाजारात आणि शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र ‘टुटा’ हेच नाव आहे.

ओळख चुकली तर काय बिघडते?

पहिला फटका सापळ्यात बसतो. टुटाच्या मादीच्या गंधातील मुख्य रेणूत १४ कार्बनची साखळी असते. पाकोळीच्या गंधात ती १३ कार्बनची. हा एका कार्बनचा फरक नराच्या मिशांना कळतो. चुकीची ल्युअर लावली, तर सापळा रिकामा राहतो आणि शेतात कीड नाही असा समज होतो. हा समज कीड दिसण्यापेक्षा घातक, कारण टुटाची एक पिढी उष्ण हवेत महिन्याभरात पूर्ण होते आणि एक मादी सुमारे अडीचशे अंडी घालू शकते. उलट, ल्युअरवर कधी दुसऱ्याच जातीचे नर येतात. ते मोजून फवारणी केली, तर औषध आणि मजुरी वाया जाते. टुटामध्ये अनेक कीटकनाशकांविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झाल्याचे विविध देशांत आढळले आहे; विनाकारण फवारणी त्यात भर घालते.

दुसरा फटका उपाय निवडताना बसतो. पाकोळीवर निम्मे काम मातीच करते. बटाट्याला चांगली भर लावणे, जमिनीला भेगा पडू न देणे, काढलेला बटाटा रात्रभर उघडा न ठेवणे आणि आरणीवर घाणेरीचा वाळलेला पाला पसरणे हे त्यावरचे उपाय. टुटासाठी यांतले काहीच उपयोगी नाही. तेथे रोपवाटिकेला जाळी, योग्य ल्युअर, पोखरलेली पाने-फळे गोळा करून नष्ट करणे आणि हंगाम संपताच झाडे उपटणे महत्त्वाचे.

संशय आल्यास काय करावे?

पोखरलेले पान अळीसकट डबीत घ्यावे, अळी चिरडू नये. सापळ्यातील पतंग चिमटीने न घासता उचलावा. कोणत्या पिकावर, कोणत्या गावात, कोणत्या तारखेला मिळाला, हे चिठ्ठीवर लिहून नमुना नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. कीटकनाशकाच्या लेबलवर पीक आणि कीड ही दोन्ही नावे छापलेली असतात. बाटली विकत घेण्याआधी आपल्या शेतातली कीड त्यांपैकीच आहे ना, याची खात्री झालेली असावी.