बंबात प्लॅस्टिक घालू नका, आणि ग्रामपंचायतीलाही विचारा

मंडळी, थंडी पडली की आपल्याकडे सकाळी सहालाच घरोघरी बंब पेटतात. रॉकेल मिळेनासं झालं तशी लाकूड पेटवायला प्लॅस्टिक घालायची सवय लागलीय. दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, फाटकी चप्पल, हाताला लागेल ते. एका काडीत पेटतं, वर घरातला कचराही कमी होतो. सोयीचं आहे, मान्य. पण त्या धुराचं काय?

बंबात प्लॅस्टिक पुरतं जळत नाही, धुमसतं. कचरा जाळायच्या मोठ्या भट्टीत साडेआठशे अंशांच्या वर तापमान ठेवावं लागतं आणि धूर गाळायची यंत्रणा लागते. आपल्या बंबाला काय, तर एक नळकांडं. दुधाच्या पिशवीतून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. पीव्हीसी त्याहून वाईट. वायरचं आवरण, पाइपचे तुकडे, रेक्झिन, काही चपला त्यातल्याच. त्यातून घसा-डोळे चुरचुरवणारा आम्लाचा वायू निघतो आणि डायॉक्सिन तयार होतात. डायॉक्सिनमधल्या सगळ्यात विषारी प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलंय.

हे विष राखेत आणि मातीत बसतं, चरबीत साठतं. परसातली कोंबडी त्याच राखेच्या ढिगात टोचे मारते आणि आपण पाहुण्याला कौतुकाने गावरान अंडं खायला घालतो. तीच राख कुणी भांडी घासायला घेतं, कुणी वांग्याच्या आळ्यात टाकतं. आणि धूर सगळ्यात जास्त जातो तो बंबाशी बसून फुंकणाऱ्या बाईच्या आणि शेजारी शेकत बसलेल्या पोरांच्या छातीत. दमा असलेल्या म्हाताऱ्यांचं तर विचारूच नका.

शेतातही तेच. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला घेतो. मल्चिंगचा मातीने भरलेला फाटका पेपर कोण घेणार? तो बांधावर पेटतो.

पण नुसतं बायाबापड्यांना दोष देणारी पोस्ट मला लिहायची नाही. राज्यात २०१८ ला प्लॅस्टिकबंदी आली, पहिल्या वेळी ५ हजार दंड. पावत्या कुणाच्या फाटल्या? भाजीवाल्याच्या. कंपनीच्या वेफर्सच्या पाकिटाला हात लागला नाही. दुधाची पिशवी परत दिली की ५० पैसे मिळणार असंही ठरलं होतं. तुमच्यापैकी कुणाला मिळाले?

कायद्याने उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, हरित लवादाने २०१६ ला त्यासाठीही ५ हजारांचा दंड सांगितलाय. पण घंटागाडी वाडीवस्तीवर येतच नसेल तर माणसाने ती पिशवी ठेवायची कुठे? ओढ्यात टाकली तर गाई खातात. २०१६ च्याच नियमांनी गावातला प्लॅस्टिक कचरा गोळा करायची जबाबदारी ग्रामपंचायतीवर टाकलीय. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लॅस्टिक कचऱ्याच्या युनिटसाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. वित्त आयोगाच्या निधीतही स्वच्छतेचा वाटा वेगळा ठेवलेला असतो. त्यातून कमानी आणि पेव्हर ब्लॉक होतात (हे मी नव्याने सांगायला नको).

तेव्हा दोन गोष्टी. बंब पेटवायला चिपाडं, तुराट्या, नारळाची शेंडी वापरा. पिशव्या धुऊन, वाळवून एका पोत्यात साठवा. महिन्याला एक पोतंही भरत नाही.

आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेला या. आपल्या तालुक्याचं युनिट कुठे आहे, आपल्या गावातून तिथे आजवर किती किलो प्लॅस्टिक गेलं आणि वस्त्यांवर गाडी कधीपासून येणार, हे मी लेखी विचारणार आहे. अर्जावर जितक्या जास्त सह्या तितकं बरं. तुमच्या वस्तीवर घंटागाडी येते का, आठवड्यातून किती वेळा, ते खाली लिहा. अर्जाला जोडतो.