नाव कोणी ठेवायचे?

भाकरीचा लढा आधी, नावाचा मागाहून, असे आपल्यातील पुष्कळ कार्यकर्ते सांगतात. इतिहास काय सांगतो? डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास जन्माने लादलेली ओळख नाकारली. १९३८ साली मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ या परक्यांनी दिलेल्या नावाविरुद्ध सभात्याग केला. १९५६ साली नागपुरास लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आपली ओळख आपणच ठरविणाऱ्या या माणसांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० पर्यंत नाकारल्या गेल्या. स्वाभिमानाला झालेला हा दंडच नव्हे काय? नाव आणि भाकरी असे वेगळे काढताच येत नाहीत. दुसऱ्याने ठेवलेल्या नावाने जगणारा भाकरी दान म्हणून स्वीकारतो. स्वतःला ओळखणारा ती हक्काने मागतो.