अर्ज मागे न घेणारा उमेदवार

"सगळे एकाच माळेचे मणी. मत द्यायचं कुणाला आणि कशाला?" निवडणूक आली की ठाणे ते कल्याण या पट्ट्यात हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की त्याचं आता लोकलमधल्या 'पुढील स्टेशन'सारखं झालंय. कानावर पडतं, लक्ष कुणाचंच नसतं. माझं या वाक्याशी भांडण नाही. आमच्याकडच्या माणसाला असं वाटायला चांगली भक्कम कारणं आहेत. भांडण आहे ते त्याच्या पुढच्या वाक्याशी, "म्हणून मी जातच नाही."

आधी कारणं बघू. २०१५ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक झाली. राज्यात एकत्र सत्तेत असलेले शिवसेना आणि भाजप इथे एकमेकांच्या विरोधात लढले. प्रचारात एकमेकांचं काय काय काढलं ते आठवा. त्यातच साडेसहा हजार कोटींच्या पॅकेजची घोषणा झाली. निकाल लागला आणि दोघं पुन्हा एकत्र! ज्यांनी एकाला मत दुसरा नको म्हणून दिलं होतं, त्यांना दोघंही मिळाले. एकावर एक फ्री.

त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. मग कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचना. पाच वर्षांहून जास्त काळ महापालिका प्रशासकाच्या हातात. शेवटी सुप्रीम कोर्टानेच मुदत घालून दिली, तेव्हा १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं. म्हणजे माझ्यासारखे जे २०१५ला अठरा वर्षांचे नव्हते, त्यांना आपला पहिला नगरसेवक निवडायला तिशीचा उंबरठा गाठावा लागला. एवढ्यात तर लोकांची लग्नं, पोरं, होमलोनचे निम्मे हप्ते होतात. ठाण्यातही २०१७ नंतर थेट २०२६.

आणि या मधल्या काळात पक्षच फुटले. २०२२ला शिवसेना, २०२३ला राष्ट्रवादी. धनुष्यबाणाला मत देणाऱ्याने नक्की कुणाला मत दिलं होतं, हे ठरवायला निवडणूक आयोग आणि कोर्ट लागलं. जानेवारीच्या निकालात १२२ पैकी शिंदे सेनेला ५३ आणि भाजपला ५० जागा मिळाल्या. मनसे उद्धव ठाकरेंच्या पक्षाबरोबर युती करून लढली होती, पाच जागा आल्या. आठवडा उलटायच्या आत त्या पाच जणांचा पाठिंबा शिंदे सेनेला! त्यांना मत देणाऱ्याने आता बोटाची शाई बघत बसायचं. (तीही यावेळी मार्करची होती आणि पुसली जातेय म्हणून वेगळाच गोंधळ झाला. असो.)

तर वैताग समजू शकतो. पण वैतागून घरी बसणारा माणूस मोजला कुठे जातो? २०२४ला कल्याण लोकसभेत साधारण पन्नास टक्के मतदान झालं. उरलेल्या पन्नासांपैकी किती जण वैतागलेले, किती गावी गेलेले, किती झोपलेले, हे कुणालाच कळत नाही. सगळ्यांची गणना एकाच खात्यात होते, 'शहरी उदासीनता'. म्हणून तर आयोगाने त्याच वर्षीच्या विधानसभेचं मतदान मुद्दाम बुधवारी ठेवलं, लोकांनी जोडून सुट्टी काढू नये म्हणून. आपण समजतो आपण निषेध नोंदवला. आयोग समजतो आपण लोणावळ्याला गेलो.

वैताग मोजायची सोय आहे, तिचं नाव नोटा. २७ सप्टेंबर २०१३ला सुप्रीम कोर्टाने ती दिली. लोक नापसंती दाखवू लागले की पक्षांना चांगले उमेदवार द्यावे लागतील, अशी अपेक्षा होती. तसं काही झालं नाही, कारण त्या बटणाच्या मागे वायरच जोडलेली नव्हती. २०२४ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, तर दोन लाखांवर लोकांनी नोटा दाबलं. भाजपचा उमेदवार आरामात खासदार. आपल्याकडे लातूर ग्रामीणमध्ये २०१९च्या विधानसभेला नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होतं, २७,५०० मतं. पण लोकसभा-विधानसभेत नोटा पहिलं आलं असतं तरी फरक पडला नसता. त्याच्याखालचा जो पहिला, तोच विजयी.

आता यातली मजा अशी, की महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांपुरती ही वायर जोडलेली आहे आणि आपल्यातल्या फार कमी लोकांना ते माहीत आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने आदेश काढला, की महापालिका, नगरपालिका वगैरे निवडणुकांत नोटा हा 'काल्पनिक उमेदवार' धरायचा. त्याला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही तेच झालं तर मात्र त्याच्यानंतर ज्याला जास्त मतं, तो निवडून आला. म्हणजे शस्त्र एकदाच चालतं. पण एकदा तरी चालतं!

आणि नेमकं इथेच जानेवारीत काय झालं? कल्याण-डोंबिवलीत वीसच्या आसपास उमेदवार बिनविरोध निवडून आले, सगळे सत्ताधारी युतीचे. अर्ज मागे घ्यायची मुदत २ जानेवारीला संपली आणि त्या जागांचा निकाल तिथेच लागला. चार जणांच्या पॅनेलमध्ये अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात, पण जी जागा बिनविरोध झाली तिच्यासाठी मतदानच नाही. उमेदवार नाही, बटण नाही, आणि नोटाही नाही.

आमच्या धंद्यात याला एज केस म्हणतात. नेहमीच्या इनपुटवर कोड बरोबर चालतो, यादीत एकच नाव आलं की पूर्ण लॉजिक वगळून थेट 'यशस्वी' असा मेसेज येतो. असा कोड रिव्ह्यूला आला तर कालचा फ्रेशरसुद्धा परत पाठवेल. नोटा जर उमेदवार असेल, काल्पनिक का होईना, तर जागा बिनविरोध होतेच कशी? त्याने अर्ज कधी मागे घेतला? त्याला कुणी फोन केला, कुणी घरी भेटायला गेलं? सगळ्या निवडणुकीत तोच एक असा आहे, ज्याला बसवता येत नाही.

एकटा उमेदवार उरला तरी मतदान घ्या आणि समोर नोटा ठेवा, एवढीच मागणी आहे. खर्च वाढेल असं म्हणतात. पण पॅनेलमधल्या बाकीच्या जागांसाठी केंद्रं उघडलेलीच असतात, कर्मचारी बसलेलेच असतात. शिवाय हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. सुरतचा खासदार २०२४ला बिनविरोध झाला. संसद-विधानसभेतल्या अशा निवडीच्या तरतुदीला आव्हान देणारी याचिका सुप्रीम कोर्टात आहे. एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने केंद्राला विचारलं होतं, की एकट्या उमेदवारालाही किमान काही टक्के मतं मिळवावी लागतील असा नियम का करू नये?

माझा एक मित्र यावर म्हणाला, "अरे, नोटा ठेवला तरी तोच येणार निवडून. फरक काय?" येईल ना, जरूर येईल. पण मग त्याच्या नावापुढे एक आकडा असेल आणि त्याच्याखाली दुसरा आकडा असेल. पाच वर्षं तो आकडा वॉर्डातल्या प्रत्येक पानवाल्याला पाठ असेल. बिनविरोध आलेल्याच्या फ्लेक्सवर फक्त 'जनतेचे आभार' असतं. जनता त्या दिवशी होती कुठे?