शेऱ्याचा रकाना

मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार, हे ठरत असतानाच कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी धोका ओळखला होता. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. म्हणून अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ पासून दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले गेले. त्या जोडवेधांमुळेच कुलाब्याची जुनी मालिका अलिबागच्या नोंदींशी सांधता आली.

तापमापकाच्या वाट्याला अशी पूर्वसूचना येत नाही. शहर हळूहळू सरकत येते. कुंपणालगत भिंत चढते, गवताच्या जागी पेव्हर ब्लॉक बसतात, पलीकडच्या इमारतीवर एसीची यंत्रे लटकतात. तापमापक ठेवण्याची झडपांची पेटी, म्हणजे स्टीव्हनसन स्क्रीन, होता तिथेच असतो. दार उत्तरेला, तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, सारे नियमाप्रमाणे. पण दिवसभर काँक्रीटने साठवलेली उष्णता रात्री बाहेर पडते, उंच इमारती आकाश झाकतात आणि किमान तापमान वर सरकते. लंडनच्या रात्री आसपासच्या गावांपेक्षा उबदार असतात, हे ल्यूक हॉवर्ड यांनी दोनशे वर्षांपूर्वीच दाखवले होते.

पण म्हणून जागतिक तापमानवाढ हा शहरी नोंदींचा भास आहे, असे म्हणणे चूक आहे. समुद्र तापले आहेत, हिमनद्या वितळत आहेत. जमिनीवरील शतकभराच्या वाढीत शहरीकरणाचा न वगळलेला वाटा दहा टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता कमी, असे हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) २०१३च्या अहवालाने म्हटले आहे. शहरातली नोंद सदोष म्हणून बाजूला सारणेही तितकेच चूक. पत्र्याच्या खोलीत रात्र काढणाऱ्याला तोच उकाडा सोसावा लागतो.

एकाच आकड्यात हवामानाचा बदल आणि जागेचा बदल मिसळलेले असतात. ते वेगळे करायला शेजारच्या हवामान केंद्रांशी तुलना लागते, आणि जागेचा इतिहासही. मूळ नोंद कधीही खोडू नये. दुरुस्त मालिका वेगळी ठेवावी. केंद्र हलवायचेच असेल, तर आधी जोडवेध घ्यावेत.

आणि नोंदवहीतला शेऱ्याचा रकाना कोरा सोडू नये. भिंत कधी उभी राहिली, किती अंतरावर, किती उंच. झाड कोणत्या दिशेचे तुटले. स्क्रीनला रंग कधी दिला, हे तारखेसह लिहावे. वर्षातून एकदा स्क्रीनपाशी उभे राहून चारही दिशांची छायाचित्रे घ्यावीत. पन्नास वर्षांनी आलेखातली एखादी पायरी पाहून कोणी वही उघडेल, तेव्हा सांगायला आपण तिथे नसू. वहीतली ती एक ओळ असली पाहिजे.