समुद्रकाठचा मुक्काम

भोपाळच्या मराठी कुटुंबांना समुद्राची ओढ काही निराळीच आहे. अनेकांची मूळ गावे कोकणातली. आडनावे आणि कुलदैवते यांनी तो संबंध अजून टिकवून धरला आहे. परंतु मोठ्या तलावाच्या काठी वाढलेल्या मुलांनी भरती-ओहोटी पाहिलेली असते ती भूगोलाच्या पुस्तकातच. त्यामुळे आमच्या परिचयातील सहा कुटुंबांनी येत्या डिसेंबरात रत्नागिरीच्या बाजूस किनाऱ्यावर तंबू ठोकून दोन दिवस राहण्याचा बेत केला आणि सामानाची यादी आमच्याकडे पाहावयास धाडली, तेव्हा आम्हांस आनंदच झाला. हॉटेल नको, कोणाची सरबराई नको, सारे आपले आपण करावयाचे, असा त्यांचा संकल्प आहे. यादीत तंबू होते, घडीच्या खुर्च्या होत्या, क्रिकेटचे साहित्य होते, गाणी ऐकण्याचे यंत्रही होते. चोवीस माणसांच्या त्या यादीत पाणी मात्र कोठेच नव्हते, आणि शौचाची सोय 'तेथे पाहू' या दोन शब्दांत आटोपली होती.

'तेथे पाहू' याचा अर्थ, ज्या गावी आपण जाणार त्या गावाने आपली सोय पाहावी, असा होतो. मग स्वयंपूर्णता कसली? असे बेत इतरही वाचक करीत असतील, म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

आरंभ पाण्यापासून करावा. आपत्तीग्रस्तांच्या छावण्यांसाठी माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, असे प्रमाण जगभर मानले जाते. खाऱ्या पाण्यात डुंबून आलेल्या मुलांच्या अंगावर गोडे पाणी घालावेच लागते, म्हणून आपण २० लिटर धरू. चोवीस माणसांना दिवसाला ४८० लिटर झाले. पंधरा लिटरांचा हंडा धरला तर ३२ हंडे! रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे खरे. पण उतार तीव्र आणि जांभ्या दगडातून पाणी झरून जाणारे, त्यामुळे तेथील कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शिवाय किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा बेसुमार झाला की खाली दडलेले खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. पाहुणे दोन दिवसांनी परततात, विहीर मात्र गावाचीच असते. तेव्हा ग्रामपंचायतीशी आधी पत्रव्यवहार करून, मोबदला देऊन, पाणी कोठून घ्यावयाचे ते ठरवावे आणि २०० लिटरांची तीन पिंपे रोज भरून घ्यावीत. भांडी आधी वाळूने व समुद्राच्या पाण्याने घासावीत, शेवटचे विसळणे तेवढे गोड्या पाण्याने. पिण्याचे पाणी वीस लिटरांच्या जारमधून घ्यावे. माणशी चार लिटर म्हटले तरी दोन दिवसांत १९२ लिटर होतात. तेवढ्या बाटल्या विकत घेतल्या तर त्यांचा ढीग कोणाच्या दारी टाकणार?

दुसरी गोष्ट संकोचामुळे कोणी बोलत नाही, म्हणून आम्हीच बोलतो. शाळेच्या सहली नेताना आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत की, शौचालयाची खात्री नसली की मुली आणि शिक्षिका सकाळपासून पाणी पिणेच सोडतात. दुपारी डोके दुखू लागते, चक्कर येते, आणि आपण दोष उन्हाला देतो. समुद्रकाठी तर आडोसाही नसतो. वीस माणसांमागे एक शौचालय हे प्रमाण आहे. चोवीस माणसांना दोन हवीत, त्यांतील एक केवळ स्त्रियांसाठी, रात्री उजेड असलेले, आतून कडी लागणारे. वाळूत खड्डा खणणे हा सोपा उपाय वाटतो. पण तेथे पाणी थोड्याच खोलीवर लागते, आणि विहिरीपासून निदान तीस मीटर दूर राहावे हा नियम किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत पाळणे कठीण. त्यापेक्षा जवळच्या घरमालकाकडून अंगण आणि त्याला लागून असलेली सोय भाड्याने घ्यावी. यात संकल्पाला कोठेही बाध येत नाही.

जागा आणि तारीख यांचा विचार एकत्रच करावा, आणि त्यासाठी घरातले पंचांग पुरेसे आहे. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. मुले बरोबर असता अष्टमीच्या जवळचे दिवस निवडावेत. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी संपते आणि सहापर्यंत पाणी चढत असते. डुंबण्यास तोच काळ ठेवावा. हा हिशेब ठोकळ आहे, पक्की वेळ गावच्या कोळ्यांना विचारावी. तंबू मात्र वाळलेल्या शेवाळाच्या व काटक्यांच्या रेषेच्या बरेच वर, सुरूच्या बनाकडे ठोकावेत. ती रेषा म्हणजे भरतीने आखून दिलेली हद्द होय.

समुद्राविषयी एक कठोर गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. आमच्यासारख्या मुले घेऊन हिंडणाऱ्या माणसास तो दिवस विसरता येत नाही. तलावात पोहता येणे निराळे, समुद्र निराळा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कधी कधी अरुंद वाटेने वेगात परत आत जाते आणि माणसास ओढून नेते. अशा वेळी किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहून त्या वाटेबाहेर पडावे. पण मुळात कमरेपेक्षा खोल जाऊच नये. मुलांच्या जोड्या लावाव्यात, एका वडीलधाऱ्याने कोरड्यात उभे राहून केवळ मोजणी करावी, आणि त्याच्या हाती शिट्टी, जाड दोर व हवा भरलेली ट्यूब असावी. खुर्च्यांआधी या तीन वस्तू यादीत याव्यात. रत्नागिरी भागात फुरशाचे भय आहे. रात्री पायांत बूट व हाती विजेरी हवी, आणि जवळचे आरोग्य केंद्र आधी विचारून ठेवावे.

आता सामान. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाल्यामुळे मंगला एक्सप्रेस भोपाळहून थेट रत्नागिरीस पोचविते. परंतु गॅसचे सिलिंडर किंवा रॉकेल रेल्वेतून नेणे गुन्हा आहे. शेगडी व इंधन तेथेच भाड्याने घ्यावे. तंबूच्या साध्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. पोत्यांत वाळू भरून, दोर बांधून, ती हातभर खोल पुरावीत. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. म्हणून चूल तंबूंच्या पुढे वा मागे न मांडता बाजूस मांडावी, म्हणजे धूर कोणत्याच वेळी अंगावर येणार नाही. वेळाससारख्या गावी हिवाळ्यात कासवे अंडी घालण्यास येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे त्यांच्या रक्षणाचे काम आरंभिले. उजेडाने पिल्ले वाट चुकतात. अशा किनाऱ्यावर शेकोटी आणि प्रखर दिवे वर्ज्य समजावेत.

शेवटी माणसांची वाटणी. आपल्या वारीतील दिंड्यांकडे पाहावे: एक तुकडी पुढे जाऊन राहुट्या उभारते, टँकर वेळेवर येतो, स्वयंपाकाची पाळी ठरलेली असते. आमच्याकडे आलेल्या यादीत स्वयंपाकापुढे चारही जेवणांसाठी 'वहिनी मंडळी' असे लिहिले होते. वहिनींनीही समुद्र पाहावयाचा आहे ना? चार जेवणे, चार तुकड्या. प्रत्येकीत पुरुष व मोठी मुले. निघण्याआधीचा एक तास चोवीस जणांनी एका ओळीत चालून किनारा वेचावा आणि कचऱ्याची पोती बरोबर न्यावीत.

तेव्हा या मित्रांना विनंती, की पंचांग उघडून तिथी पाहावी, ग्रामपंचायतीस पत्र धाडावे आणि नवी यादी पिंपांपासून लिहावयास घ्यावी. क्रिकेटच्या साहित्यासाठी शेवटी जागा उरेलच.