अंधेरी म्हणजे नेमकी कोणती?

उपनगरातील नागरिकाचा दिवस ज्या प्रश्नाने उजाडतो तो प्रश्न फार साधा आहे : आता गाडी केव्हा आहे? हा प्रश्न तो पूर्वी फलाटावरील इंडिकेटरला विचारी किंवा पाठ असलेल्या वेळापत्रकाला विचारी. २०१० पासून 'एम-इंडिकेटर'ने ते वेळापत्रक त्याच्या खिशात आणून ठेवले. २०२२ साली मध्य रेल्वेने 'यात्री' या ॲपवर लोकल प्रत्यक्ष कोठे आहे हे दाखवण्यास प्रारंभ केला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी अकरा परिवहन संस्थांना एकत्र आणणाऱ्या 'मुंबई वन'चे उद्घाटन झाले. आता या खिडकीशी एक नवाच चौकशीदार येऊन उभा राहिला आहे, आणि तो मनुष्य नव्हे. मालकाच्या वतीने चौकशी करून त्याला सल्ला देणारा हा यांत्रिक मुनीम; तंत्रज्ञ त्याला 'एआय एजंट' म्हणतात.

या मुनिमाला गाडीची वेळ स्वतःहून ठाऊक नसते. ती सांगणारे साधन कोणीतरी त्याच्या हाती द्यावे लागते, आणि ते कसे वापरावे, काय विचारावे, आलेल्या उत्तराचा अर्थ काय, हे शब्दांत लिहून द्यावे लागते. असा व्यवहार सर्वत्र एकाच पद्धतीने व्हावा म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा खुला संकेतही प्रसिद्ध झाला. परंतु संकेत म्हणजे केवळ पाकीट. आतील मजकूर चुकला तर पाकिटाच्या सुबकपणाचा उपयोग काय? इंडिकेटर बिघडला, तर माणूस भोवतालच्या गर्दीचा चेहरा वाचून उमजतो. यंत्र फक्त लिहिलेले वाचते.

अंधेरीचेच पाहा. रेल्वेचे स्थानक अंधेरी, वर्सोवा–घाटकोपर मेट्रोचेही स्थानक अंधेरी, आणि '२ अ' मार्गिकेवरील 'अंधेरी पश्चिम' मात्र डी. एन. नगरपाशी! बोरिवलीचीही तीच गत. मेट्रोचे 'बोरिवली पश्चिम' रेल्वे स्थानकाला लागून नाही. मुलुंडहून बोरिवलीस जाणारा प्रवासी दादरला गाडी बदलतो. तेथे ९ डिसेंबर २०२३ पासून फलाटांना सलग क्रमांक मिळाले आणि मध्य रेल्वेचा पहिला फलाट आठवा झाला. माहितीपत्रक त्यापूर्वीचे असेल, तर एजंट मोठ्या अदबीने प्रवाशाला भलत्याच फलाटावर नेऊन उभा करील.

याहून गंभीर घोटाळा वेळेचा आहे. वेळापत्रकातली वेळ निराळी आणि गाडी प्रत्यक्ष येण्याची वेळ निराळी. रविवारी माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक असला की जलद गाड्या धीम्या मार्गावर वळतात, काही फेऱ्या रद्दही होतात. छापील वेळापत्रक मात्र जागचे हलत नाही. तेव्हा प्रत्येक उत्तराबरोबर तीन गोष्टी आल्याच पाहिजेत : ही वेळ नियोजित आहे की प्रत्यक्ष, ती कोणत्या क्षणी नोंदली, आणि फेरी रद्द आहे काय. माहिती नसेल तेथे 'माहिती नाही' असेच उत्तर यावे, आणि अशा वेळी वेळापत्रक पुढे करू नये, हे पत्रकात स्पष्ट लिहावे. उत्तर येत नसले तरी प्रश्न कोरा सोडायचा नाही, असा बाणा असलेले विद्यार्थी आम्ही वर्गात पुष्कळ पाहिले आहेत. ही यंत्रे त्याच जातीची आहेत.

धडधाकट माणसाचे यात फारसे बिघडणार नाही. तो मान वर करून इंडिकेटर पाहील आणि यंत्राला दोन शब्द सुनावील. परंतु ज्याला दिसत नाही तो दृष्टिहीन प्रवासी, रात्री उशिरा एकट्या थांब्यावर उभी असलेली परिचारिका, जिना चढणे ज्यांना एकदाच शक्य आहे असे वृद्ध गृहस्थ, यांना तोंडी विचारून तोंडी उत्तर मिळण्याची सोय खरोखर उपकारक आहे. चुकीच्या उत्तराची किंमतही नेमकी त्यांनाच मोजावी लागेल. शेवटची लोकल चुकली, तर दिलगिरीच्या चार शब्दांनी घर गाठता येत नाही.

म्हणून हे लेखन कंत्राटदाराच्या तरुण अभियंत्यावर सोपवून संस्थांना मोकळे होता येणार नाही. रेल्वे, 'बेस्ट' आणि मेट्रो यांनी ते स्वतःच्या नावाने, तारीख घालून प्रसिद्ध करावे, आणि फलाट वा थांबा बदलेल त्याच दिवशी सुधारावे. यात अशक्य काही नाही. अमेरिकेतील पोर्टलंड शहराने २००५ सालीच आपली वेळापत्रके गूगलच्या प्रवासनियोजकाला खुली करून दिली, आणि दिल्लीने २०१८ मध्ये बसगाड्यांच्या प्रत्यक्ष स्थितीची माहिती सर्वांसाठी उघडी केली. खुल्या माहितीने यंत्रणेवर भार पडेल, ही शंका रास्त आहे. तासाला किती वेळा विचारता येईल याची मर्यादा घातली की ती मिटते.

आणि एक गोष्ट मराठीची. 'बेस्ट'च्या बसच्या कपाळावर क्रमांक देवनागरीत झळकतो. घाटकोपरच्या आजीबाईंनी तो मराठीत उच्चारला, तर साधनाला तो कळला पाहिजे. स्थानकांची मराठी नावे, त्यांची रूढ रूपे आणि प्रभादेवीला आजही एल्फिन्स्टन म्हणणाऱ्यांची जुनी सवय, हे सारे त्या पत्रकात पहिल्या आवृत्तीपासूनच असावे.